खोकल्याची कॅसेट

मी एक जुनी कॅसेट आहे. नव्वद मिनिटांची, करड्या प्लास्टिकची, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखी वस्तू कधी हातात धरलीही नसेल. धरलीच, तर माझ्या दोन भोकांत बोट घालून फिरवाल आणि विचाराल, ह्याचं करायचं काय? खुशाल विचारा, मला त्याचा राग येत नाही. मला राग येतो तो कुणी 'खराब माल' म्हटलं की. माझ्यात खोकला आहे, हे खरं आहे. पण मी खराब नाही.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करते. मी चोरीची आहे. म्हणजे कोरी फीत रीतसर दुकानातून विकत आणलेली होती, पण तिच्यावर भरलेलं गाणं चोरून आणलेलं होतं. त्या काळी एक गायिका होती. ती आपलं गाणं कुणालाही टेप करू देत नसे. तिचं म्हणणं एकच, ज्याला ऐकायचं असेल त्याने समोर येऊन बसावं. सभागृहाच्या दारावर तशी पाटी असे, आणि पाटीखाली एक आडदांड दरवान पुरुषांचे खिसे चाचपत उभा असे. ज्यांना तिकीट मिळत नसे, ज्यांच्या गावी ती कधी जात नसे, जे अंथरुणाला खिळलेले असत, त्यांनी काय करावं? त्यांच्यासाठी आम्ही होतो. आमच्यावर छापील वेष्टन नसे, फोटो नसे. आम्ही एका घड्याळाच्या दुकानात मिळत असू.

ते दुकान इतकं अरुंद होतं की गिऱ्हाईक आत आलं की दार लागत नसे. काउंटरमागे डोळ्याला भिंग लावून घड्याळवाले काका बसत. त्यांच्या पाठीमागे पडदा, आणि पडद्याआड त्यांचं घर. तिथे एका टेबलावर दोन टेप डेक वायरींनी एकमेकांना जोडून ठेवलेले असत. ओळखीचा माणूस येऊन हळूच विचारी, "नव्वद मिनिटांचं घड्याळ आलंय का?" मग काका काही न बोलता खालचा खण उघडत. एकदा तर घड्याळ दुरुस्तीला टाकायला आलेल्या एका साध्या माणसाने हे ऐकलं आणि 'ते नव्वद मिनिटांचं मलाही दाखवा' म्हणून हटून बसला. त्याला घालवता घालवता काकांच्या नाकी नऊ आले.

गाणं आणण्याची त्यांची रीत ठरलेली होती. दरवान बायकांच्या पिशव्या उघडून बघत नसे. म्हणून टेपरेकॉर्डर काकूंच्या विणकामाच्या पिशवीत जाई. वर लोकरीचे गुंडे आणि दोन सुयांच्या मध्ये माइक. पिशवी काकूंच्या मांडीवर आणि शेजारच्या खुर्चीवर काका. टेप करणाऱ्याने टाळी वाजवायची नाही, 'वा' म्हणायचं नाही, मान डोलवायची नाही, कारण खुर्ची करकरते. सगळ्या सभागृहात त्या गाण्यावर सर्वांत जास्त जीव काकांचा, आणि तेच ओंडक्यासारखे बसून राहत. काकूंना गाण्याचं फारसं वेड नव्हतं. त्यांना विणायला आवडे, पण लोकर मशीनवर पांघरलेली, त्यामुळे तेही जमायचं नाही. तरी त्या नवऱ्याबरोबर दर वेळी जात.

ज्या गाण्याची मी प्रत आहे, त्या संध्याकाळी तिसरं गाणं अगदी रंगात आलं होतं. गायिकेने आवाज इतका खाली आणला होता की लोकांनी श्वास रोखले होते. आणि नेमक्या त्या वेळी काकूंना खोकला आला. एकदा, दोनदा, तीनदा. माइक त्यांच्याच मांडीवर, तेव्हा विचार करा, तो खोकला किती मोठा आला असेल. खोकला थांबल्यावर त्या काकांच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजल्या. एकच वाक्य, आणि ते पुरं व्हायच्या आत काकांनी "शू!" केलं.

काकू काय म्हणाल्या, ते मी आत्ता सांगत नाही. काकांनाही ते कळलं नव्हतं. त्यांचे दोन्ही कान गाण्याकडे लागलेले होते.

घरी आल्यावर मूळ कॅसेटवरून अकरा प्रती निघाल्या. मी त्यांतली नववी. नव्वद मिनिटांच्या प्रतीला नव्वदच मिनिटं लागत, घाई करता येत नसे. काका बाहेर घड्याळं उघडून बसत आणि आत काकू डेकसमोर. प्रत झाली की तिच्यावर गाण्यांची यादी काकू लिहीत, वळणदार, बारीक अक्षरात. माझ्यावरही लिहिली. पण तिसऱ्या गाण्याची ती जागा जवळ आली की त्या उठून पाणी प्यायला जात. अकरा वेळा त्या पाणी प्यायला गेल्या असणार. मी माझ्या वेळेचं तेवढं सांगू शकते.

चोरून गाणी जमवणाऱ्यांत एकजण मोठा मानला जाई. सगळे त्याला कानसेन म्हणत. कॅसेट चांगली की वाईट, हे तो ठरवी आणि बाकीचे माना हलवत. पहिली प्रत त्यानेच नेली होती. आठवड्याच्या आत तो ती परत घेऊन आला. मी तेव्हा काउंटरच्या खणातच होते, खण अर्धा उघडा होता.

"काका, गाणं सोनं आहे," तो म्हणाला, "पण ही बाई कोण हो? अगदी माइकवर बसून खोकते! वर काहीतरी पुटपुटते. सगळ्या गाण्याची माती केली हो तिने."

पडदा पातळ होता. आत कपबशांचा आवाज चालला होता, तो थांबला.

काका भिंगातून वर न बघता म्हणाले, "असेल कुणीतरी शेजारी."

"असल्या बायकांना आत सोडतातच कशाला?" असं म्हणून कानसेन निघून गेला. मित्रांनो, काकांनी त्याला सांगायला हवं होतं की तिच्या पिशवीवाचून ही कॅसेटच झाली नसती. त्यांना लाज वाटली. खोकल्याची वाटली की बायकोची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "मग साफ करून टाका ना तेवढं. होतंय ना तसं?"

होत होतं. एका डेकवरून दुसऱ्यावर घेताना खोकल्याच्या आधी थांबायचं आणि 'शू' संपलं की पुन्हा सुरू करायचं. काका हातातलं घड्याळ तसंच सोडून आत गेले.

तेवढ्यात इस्त्रीवाल्या मावशी आपलं गजराचं घड्याळ न्यायला आल्या. चार दुकानं पलीकडे त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं. घड्याळ घेतलं आणि त्यांनी आपल्या खणखणीत आवाजात विचारलं, "आणि ते दुसरं, गाण्याचं घड्याळ आहे का हो?" मावशींना गुपित म्हणून कधी हळू बोलता आलंच नाही. काकूंनी मला खणातून काढलं.

"एक आहे. पण हिच्यात खोकला आहे, चालेल का?"

"चालेल की! माझ्या घरात चौघं खोकतात, त्यात ही पाचवी."

काकू हसल्या. त्या आठवड्यात मी त्यांना तेवढंच हसताना पाहिलं. त्यांनी मला मावशींच्या हातात दिलं आणि अशी मी त्या दुकानातून वाचले. वाचले म्हणते, कारण पुढे काय झालं ते ऐका.

काकांनी साफ प्रत तयार केली. मग मूळ कॅसेट पुसून तिच्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी वादन भरलं. कोरी फीत महाग होती हे एक कारण, पण खरं कारण दुसरं होतं. ह्या धंद्यातल्या माणसाला एकाच गोष्टीची भीती असते, ती म्हणजे आपल्या हातची वाईट प्रत लोकांत फिरत राहण्याची. काकांनी अकरा गिऱ्हाइकांची यादी केली आणि घरोघर गेले. खोकल्याची द्या, साफ घ्या, वर एक छदामही नको. दहाजणांनी आनंदाने दिली. त्या माझ्या दहा बहिणी एकेक करून त्या टेबलावर पुसल्या गेल्या.

मग ते इस्त्रीच्या दुकानात आले.

मावशींनी साफ कॅसेट ठेवून घेतली आणि म्हणाल्या, "वाजवून बघते. जुनी उद्या घेऊन जा." दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळपासून नवी लावली. तिसऱ्या गाण्यात ती कापलेली जागा आली आणि मावशींचा हात शर्टावर थबकला. त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावली, पुन्हा थबकला.

संध्याकाळी काका आले तेव्हा मावशी म्हणाल्या, "तुमची ही साफ काही मला मानवत नाही. अंधारात जिना उतरताना एक पायरीच नसावी, तसं होतं तिथे. माझी मला राहू द्या."

"अहो, पण ती खराब आहे."

"असू दे खराब. तक्रार मी करतेय का?"

"मावशी, माझ्या नावाला बट्टा लागतो हो! ती कुणाच्या कानावर पडली तर लोक म्हणतील, हा असला माल विकतो."

मावशींनी एक चादर झटकली आणि शांतपणे थाप मारली, "बरं, मग सांगूनच टाकते. हरवली ती. कपड्यांत कुठे गेली देव जाणे." मी तेव्हा त्यांच्या कोपराशी बटणांच्या पत्र्याच्या डब्यात होते. काका आणखी दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा तेच उत्तर. शेवटी त्यांनी माझा नाद सोडला.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं माझ्या सुखाची होती. मावशी मला रोज दुपारी लावत. कोळशाची इस्त्री जाऊन विजेची आली, तरी मी होतेच. वाफ, उष्णता, कपड्यांचा वास आणि गाणं. काका रस्त्याने जाताना दिसले की मावशी पटकन आवाज बारीक करत. खोकल्याची जागा आली की त्या हात थांबवून ऐकत आणि मग पुन्हा इस्त्री फिरवू लागत. आपलं इतकं मन लावून ऐकणारं कुणी असावं, ह्यापरतं कॅसेटला दुसरं काय हवं? पण एक गोष्ट मला तेव्हा कळायला हवी होती. प्रत्येक वेळी वाजताना माझ्यावरची थोडी तपकिरी भुकटी मशीनला चिकटून जात होती, आणि माझ्यातला आवाज त्याच भुकटीत होता. मोठे आवाज जाड असतात, ते टिकतात. कुजबुज सर्वांत आधी जाते.

पुढे कॅसेटचे दिवस गेले. मावशींच्या टेपरेकॉर्डरने एके दिवशी माझी फीत गिळली. मावशींनी ती पेन्सिलीने सोडवून परत गुंडाळली, पण त्या मशीनने मग कायमचाच राम म्हटला. दुसरं मशीन बाजारात मिळेना. मी बटणांच्या डब्यात जाऊन पडले. तिथे किती काळ गेला ते मला सांगता येत नाही. वाजवलं जात नाही तेव्हा आम्हाला काळ कळत नाही. डब्याचं झाकण उघडलं की उजेड, मिटलं की अंधार, एवढंच.

मग एके दिवशी झाकण अर्धवट उघडं असताना मला तो आवाज ऐकू आला. ओळखीचा, पण केवढा थकलेला!

"मावशी, ती जुनी कॅसेट होती बघा. खोकल्याची."

मावशी म्हणाल्या, "आता पुन्हा? सांगितलं होतं ना काका तेव्हाच, हरवली म्हणून."

"एकदा नीट शोधता का? डब्यांत, कपाटात, कुठेही."

"इतक्या वर्षांनी कुठे सापडायची ती!"

"मावशी, माझ्याकडे दोनशे कॅसेट आहेत. सगळ्या घेऊन जा. दोन्ही डेक घेऊन जा. फक्त ती एक द्या."

मावशींच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण त्यांनी हळूच डब्याचं झाकण लावलं. त्यांना वाटलं, ह्या माणसाचं वेड अजून गेलेलं नाही. उरलेली ही एक प्रत पुसल्याशिवाय ह्याला चैन पडायची नाही. मावशी मला वाचवत होत्या, मित्रांनो! त्या थकलेल्या आवाजावरून मी ओळखलं होतं, हे पुसायला आलेले नाहीत. आणि मी आत पत्र्यावर पडून जिवाच्या आकांताने ओरडत होते, इथे आहे, मी इथे आहे, ह्यांना देऊन टाका! पण कॅसेट कुठून ओरडणार? मशीनशिवाय मला घसाच नाही. एवढं सगळं माझ्यात आहे आणि एक हुंकारही देता येत नाही, ह्याच्याइतकी वाईट अवस्था मला दुसरी माहीत नाही. काका निघून गेले. त्यांच्या चपला फरफटत गेल्याचा आवाज मी ऐकला.

ते दुसऱ्या दिवशीही आले. मावशी जरा चिडूनच म्हणाल्या, "नाही म्हटलं ना काका." तेही काही जास्त बोलले नाहीत. का हवी आहे, ते सांगत नव्हते. सांगितलं असतं तर मावशींनी त्याच क्षणी डबा उपडा केला असता. पण ज्या बाईला एकदा 'असेल कुणीतरी' म्हटलं, ती कोण होती हे आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

तिसऱ्या दिवशी त्यांनी काही मागितलंच नाही. एक शर्ट काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "इस्त्री करायचीय."

इस्त्रीवाल्या बाईला शर्ट वाचता येतो. मावशींनी तो पसरला. कॉलरला पिवळी रेघ राहिलेली, काखेत साबण तसाच वाळलेला, पिळ्याच्या सुरकुत्या न झटकता वाळत घातलेला, आणि छातीवरचं एक बटण तुटून तिथे टाचणी टोचलेली. इतकी वर्षं ह्या घरचे शर्ट मावशींकडे कधीच आले नव्हते, कारण त्या घरी सगळं हातचं होत असे.

मावशींनी टाचणी काढली. "काका, काकू कुठे गेल्यात का?"

काका ती टाचणी काउंटरवर बोटाने फिरवत राहिले.

"काका?"

"दोन महिने झाले," ते म्हणाले. "परगावच्या इस्पितळात गेली ती, इथे मी कुणाला कळवलंच नाही. फुप्फुसाचं होतं. डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधीपासून आहे? मला सांगता आलं नाही, मावशी. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा आणि मला कधीपासून ते सांगता येईना."

मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली.

"तुमच्या त्या कॅसेटमध्ये जी बाई खोकते ना," काका म्हणाले, "ती हीच. ती माझ्याशी काहीतरी बोलली होती त्या वेळी. मी तिला गप्प केलं. आता माझ्या डोक्यातून ते जात नाही. दुखतंय म्हणाली असेल का? तेव्हाच सांगितलं असेल का तिने? घरातल्या दोनशेच्या दोनशे ऐकून काढल्या मी. प्रत्येक कॅसेटच्या वेळी ती माझ्या शेजारी बसलेली होती, आणि एकीतही तिचा आवाज नाही. मीच शिकवलं होतं तिला गप्प बसायला. एकीत होता, तो मी पुसला. दहा घरी जाऊन पुसला."

मावशींनी बटण शोधायला म्हणून डबा ओढला. झाकण उघडलं, पण बटणाला हात न लावता मला बाहेर काढलं आणि त्या शर्टावर ठेवलं. "मी खोटं बोलले, काका," त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या. काकांनी मला उचललं नाही. माझ्यावरच्या बारीक अक्षरातल्या यादीकडे ते नुसते बघत होते.

मावशींनी दुकान बंद केलं. "मी बरोबर येते," त्या म्हणाल्या. "तिच्यावर माझाही थोडा हक्क आहे."

घड्याळाच्या दुकानात काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि माझे पाच स्क्रू काढले. इतक्या उष्णतेत राहून माझं कवच वाकलं होतं, फितीला मागून दाबणारा लोकरीचा तुकडा कधीच गळून पडला होता. एका जागी फीत चिकटून बसली होती. काकांनी माझी फीत दुसऱ्या कवचात बसवायला घेतली. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणाऱ्या त्या हातांतून दोनदा स्क्रू खाली सांडले आणि मावशींनी जमिनीवर बसून ते शोधले. मला भीतीने काही सुचत नव्हतं. फीत तुटली तर? तीच जागा तुटली तर? डेकच्या लाल बटणावर चुकून बोट पडू नये म्हणून काकांनी त्यावर पुठ्ठा चिकटवला. मग मला आत घातलं.

मी वाजले, मित्रांनो. गाणं घोगरं झालं होतं, पण वाजलं. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात गायिकेने आवाज खाली आणला. काका डेकला कान लावून बसले. खोकला आला. एकदा, दोनदा, तीनदा. काकांनी तोंडावर हात दाबला. त्यानंतर माझ्यातून नुसती खरखर आली, आणि मग स्पष्ट, जाड, जसंच्या तसं, त्यांचं स्वतःचं "शू!"

त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. खोकला, खरखर, शू. आवाज वाढवला. खोकला, खरखर, शू. तिसऱ्यांदा लावलं, चौथ्यांदा लावलं. मी जिवाचा आटापिटा करत होते. शब्द माझ्यातच कुठेतरी होते, मी इतकी वर्षं ते वाहिले होते, पण ज्यावर ते लिहिले होते ती भुकटी उरली नव्हती. आणि प्रत्येक फेरीत खोकलाही थोडा झिजत होता. पाचव्या वेळी तिसरा खोकला अर्धाच आला. काका ते ऐकून कासावीस झाले आणि तरी पुन्हा मागे नेण्यासाठी त्यांचं बोट बटणावर गेलं.

मावशींनी त्यांचा हात धरला. "थांबा काका, झिजून जाईल ती. मला माहीत आहे त्या काय म्हणतात."

काका डेककडून त्यांच्याकडे वळले.

"रोज ऐकलंय मी. पाठ आहे मला."

"दुखतंय म्हणाली का?"

"नाही हो."

"खरं सांगा मावशी, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

मावशींनी डोळे पुसले आणि जसं माझ्यात होतं तसंच, त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "'मी बाहेर जाऊन बसते हो, नाहीतर तुमचं सगळं बिघडे...'"

अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. मग काकांनी विचारलं, "मग?"

"मग तुम्ही शू म्हणता."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. त्या खोकत नाहीत. ती बाजू संपते, दुसरी बाजू संपते, एकदाही नाही. सव्वा तास. मी रोज इस्त्री उचलून थांबते काका, म्हटलं, आता तरी खोकून घे गं बाई. पण नाही खोकत."

काकांनी मला बाहेर काढलं. कानसेन आणि त्याच्यासारखे सगळे ज्या बाजूची तारीफ करत, चोरून टेप केलेलं गाणं इतकं स्वच्छ आम्ही ऐकलं नाही म्हणत, ती माझी दुसरी बाजू त्यांनी वर केली आणि मला परत आत घातलं. पंचेचाळीस मिनिटं ते दोघे डेकसमोर बसले होते. गाणं चाललं होतं, पण काका गाणं ऐकत नव्हते.

आता मी काकांकडेच असते. मला फार वाजवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मित्रांनो, मी चोरीची, झिजलेली, कुणाच्या उपयोगाची नसलेली वस्तू आहे, पण तुमच्याकडे एक मागणं मागते. तुमच्या मोबाइलमध्ये, जुन्या डब्यांत, कुठेही, आवडीच्या आवाजाच्या मध्येच घरातलं कुणी खोकलेलं असेल, कुणी मध्येच बोललेलं असेल, तर ते कापू नका. आणि शेजारचं माणूस कानाशी लागून काही सांगायला लागलं, तर गाणं कितीही रंगात आलेलं असू दे, आधी त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

काकूंचं वाक्य माझ्यात आता नाही. ते फक्त मावशींना पाठ आहे, आणि मावशींचंही वय झालं आहे. म्हणून काका रोज दुपारी इस्त्रीच्या दुकानात जाऊन बसतात आणि म्हणतात, "मावशी, एकदा म्हणा ना."

मावशी हातातली इस्त्री उभी करून ठेवतात आणि म्हणतात.